न दिसणारे दोष

अमरावतीहून बडनेरामार्गे यवतमाळकडे निघाले की वाटेत नांदगाव खंडेश्वर हे तालुक्याचे गाव लागते. औष्णिक वीजकेंद्र असलेले नांदगाव पेठ ते वेगळे. हे नांदगाव विजेचे केवळ ग्राहक. सगळ्या वऱ्हाडाप्रमाणे इथेही मार्च संपला की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या नव्या ताट्या बसतात, खिडकीबाहेर लोखंडी स्टँड उभा राहतो, पाण्याची बादली फिरू लागते. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या मुलखात कूलर ही चैनीची वस्तू नाही.

अशा एखाद्या घरात लहान मूल कूलरकडे धावले की आजी ओरडते, "हात नोको लावू, करंट मारते!" मग उपाय निघतो. पाणी टाकताना पायात चप्पल घालायची, किंवा खाली कोरडी फळी टाकायची. कूलर चालू असतो, हवा गार येत असते, आणि म्हणून वायरमनला कोणीच बोलावत नाही. त्याच घरातला दिवा गेला तर दहा मिनिटांत कोणीतरी स्टूल घेऊन बोर्डापाशी उभे असते.

दिवा गेला तर कोणाचा जीव जात नाही. कूलरच्या धक्क्याने मात्र विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. वीज कंपनी दरवर्षी याच दिवसांत कूलर जपून वापरण्याचे आवाहन करते. मग आपण घाई नेमकी उलट जागी का करतो? या प्रश्नाचे उत्तर घरातल्या विजेच्या इतिहासात आहे.

चार पानांचे नियम

१८८२ हे वर्ष विजेच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. त्या सप्टेंबरात एडिसनचे पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनमध्ये एक गोष्ट घडली, जिची आठवण फारशी कोणी काढत नाही. तारायंत्र आणि विद्युत अभियंत्यांच्या तिथल्या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी नियम प्रसिद्ध केले. अवघी चार पाने आणि एकवीस कलमे. आज जगभर वायरिंगचे जे जाडजूड नियमग्रंथ आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांचे मूळ या चार पानांत सापडते.

त्या नियमांत एक फार मोलाचा विचार आहे. त्याचा आशय असा, की विद्युत अभियंत्यापुढील अडचणी बहुतेक आतल्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या असतात. प्रवाह सोडून तपासणी केल्याशिवाय त्या कळत नाहीत. नियमकर्त्यांनी असे तीन दोषही नोंदवले होते : विजेची गळती, तारेतला वाजवीपेक्षा जास्त रोध आणि वाईट सांधे.

नांदगावचे खंडेश्वराचे देऊळ हेमाडपंती आहे. दगडावर दगड कसा बसला आहे, कुठे सरकला आहे, हे तिथे उभे राहून दिसते. गवंडी ते पाहून सांगू शकतो. वायरिंगचे तसे नाही. तिथला सांधा पट्टीच्या, नळीच्या किंवा भिंतीच्या आत असतो, आणि तो बिघडला तरी दिवा लागतच राहतो.

म्हणून घरातल्या विजेच्या दोषांचे दोन वर्ग पाडता येतात. एक बोलका दोष : काहीतरी बंद पडते आणि आपल्याला कळते. दुसरा मुका दोष : सगळे चालू असते, आणि आत धोका वाढत असतो. पहिल्यासाठी गेल्या शतकाने आपल्या हातात साधने दिली. दुसऱ्यासाठी प्रशिक्षित माणूस आणि त्याची उपकरणे लागतात. हा भेद मुलांच्या मनात ठसला, तर 'वायरमनला केव्हा बोलवावे' हे निराळे शिकवावे लागत नाही.

फ्यूज : बोलका रक्षक

बोलक्या दोषाला वाचा दिली ती फ्यूजने. एडिसनने १८८० साली अशा 'सुरक्षा-वाहका'चे पेटंट मिळवले. कल्पना साधी होती. मंडलात मुद्दाम एक कमजोर जागा ठेवायची. प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की तीच आधी वितळेल आणि भिंतीतली तार वाचेल.

पण किती जाडीची तार किती प्रवाहाला वितळते? ब्रिटिश टपाल खात्यातील विद्युत अभियंता विल्यम प्रीस यांनी १८८० च्या दशकात यावर पद्धतशीर प्रयोग केले. त्यांचे सूत्र वर्गात सहज सांगता येते. तारेचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याला त्याच्याच वर्गमुळाने गुणायचे आणि तांब्यासाठी पुन्हा ८० ने गुणायचे. जे उत्तर येईल तितक्या अँपिअरच्या आसपास ती तार वितळते.

आता हे सूत्र घरी लावून पाहू. फ्यूज गेला की आपण जुन्या लवचीक वायरीतला एक तंतू काढतो. बाजारात अशी वायर '१४/३६' म्हणून मिळत असे. म्हणजे ३६ गेजचे १४ तंतू. ३६ गेजचा व्यास सुमारे ०.१९ मिलिमीटर. सूत्राप्रमाणे हा तंतू साडेसहा अँपिअरच्या जवळपास वितळेल. पाच अँपिअरच्या दिव्यांच्या मंडलाला हे ठीकच झाले.

पण फ्यूज दुसऱ्यांदा उडाला की माणूस चिडतो आणि पाच तंतू एकत्र पिळून घालतो. आता वितळण्याची मर्यादा तीस अँपिअरच्या आसपास गेली. तिसऱ्यांदा कोणी भिंतीतल्या वायरीचाच तुकडा लावतो. १८ गेजच्या, म्हणजे १.२२ मिलिमीटर व्यासाच्या तारेचा हिशेब केला तर उत्तर शंभराच्या वर जाते! भिंतीतली तीच तार मात्र दहा-बारा अँपिअरच्या पुढे तापू लागते. म्हणजे आता मंडलातली कमजोर जागा चिनी मातीच्या ग्रिपमध्ये राहिली नाही, ती भिंतीत गेली. बोलक्या दोषाला आपण स्वतःच्या हाताने मुका केला.

फ्यूजच्या जागी आता बहुतेक नव्या घरांत छोटे स्वयंचलित खटके, म्हणजे एमसीबी, आले आहेत. त्यांचा आजच्यासारखा नमुना जर्मनीत मानहाइम येथील ह्यूगो स्टॉट्झ यांच्या कारखान्यात १९२३ च्या सुमारास तयार झाला. तार बदलायची कटकट गेली, पण मोह तोच राहिला. खटका पडतो म्हणून सहाचा काढून बत्तीसचा बसवणे आणि पाच तंतू पिळणे यांत काही फरक नाही.

फ्यूज उडाला, तर घरच्या माणसाने काय करावे? आधी मेन स्विच बंद. मग त्या मंडलावरच्या सर्व उपकरणांच्या पिना काढाव्यात, दिवे-पंखे बंद करावेत. योग्य जाडीची नवी तार घालून मेन स्विच सुरू करावा आणि एकेक उपकरण लावत जावे. ज्याच्या वेळी फ्यूज उडेल, ते उपकरण दोषी. ते बाजूला ठेवले की आपले काम संपले. पण सगळे काढलेले असतानाही फ्यूज उडत असेल, तर दोष बोर्डात किंवा भिंतीत आहे. तिथे आपली हद्द संपते.

वर्गात हे दाखवायचे असेल तर टॉर्चचे दोन सेल, वायरीचे दोन तुकडे आणि स्टील वूलचा एक बारीक धागा पुरे. धागा लाल होऊन तुटतो. दोन-तीन धागे एकत्र घेतले की काय होते, ते मुलांनीच पाहावे. घरच्या २३० व्होल्टवर मात्र वर्गात कोणताही प्रयोग नको.

टेस्टर दोन्हीकडे लागतो

एक कोडे अनेकांनी अनुभवलेले असते. घरातले सगळे बंद आहे, पण सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो. 'वीज तर दोन्हीकडे आहे, मग पंखा का फिरत नाही?'

टेस्टरच्या पोटात निऑनचा चिमुकला दिवा असतो. निऑन वायूचा शोध रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी १८९८ साली लावला. पुढे जॉर्ज क्लोद यांनी त्याचे दिवे केले. या दिव्यासोबत सुमारे दहा लाख ओहमचा रोध जोडलेला असतो. त्यामुळे आपल्या शरीरातून जमिनीत जाणारा प्रवाह एका मिलिअँपिअरच्याही पाव भागाहून कमी राहतो. आपल्याला तो जाणवत नाही, पण निऑनला उजळायला पुरतो.

आता कोड्याचे उत्तर. फेजच्या भोकात टेस्टर लागणे स्वाभाविकच. न्यूट्रलची तार पुढे कुठे तुटली, तर चालू ठेवलेल्या पंख्याच्या गुंडाळीतून किंवा दिव्याच्या तारेतून फेज पलीकडे पोचतो. परतीची वाट बंद असल्याने तो न्यूट्रलच्या तारेवरच थांबून राहतो. म्हणून टेस्टर दोन्हीकडे लागतो, आणि पंखा फिरत नाही.

जुन्या घरांत हा प्रसंग जास्त येतो, त्याला इतिहास आहे. सुरुवातीच्या काळात दोन्ही तारांत एकेक फ्यूज घालण्याची रीत होती. पुढे न्यूट्रल जमिनीशी जोडण्याची पद्धत पक्की झाली, तेव्हा न्यूट्रलमधला फ्यूज उपयोगाचा तर नाहीच, उलट घातक ठरू लागला. तो उडाला की घर अंधारात जाते, 'लाइन गेली' असे वाटते, आणि प्रत्यक्षात सगळ्या तारांवर फेज उभा असतो. म्हणून भारतीय वीज नियम, १९५६ यांनी न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज किंवा स्वतंत्र स्विच घालण्यास मनाई केली. जुन्या बोर्डावर अजून दोन ग्रिपा दिसत असतील, तर त्या वायरमनला दाखवायला हव्यात.

याचा भाऊबंद असलेला मुका दोष म्हणजे स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये असणे. दिवा लागतो, विझतो. तक्रार काहीच नाही. पण स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतो. बल्ब बदलणाऱ्या माणसाचे बोट तिथेच जाते. स्विच बंद केल्यावरही एलईडीचा दिवा रात्री अंधूक जळताना दिसला, तर हे एक कारण असू शकते. म्हणून बल्ब बदलतानासुद्धा भिंतीवरच्या स्विचवर न विसंबता मेन स्विच बंद करणे चांगले. आणि टेस्टर लागला नाही म्हणजे वीज नाही, असेही समजू नये. तो बिघडलेला असू शकतो, किंवा आपण कोरड्या लाकडावर उभे असल्याने तो उजळत नसेल.

ढिला सांधा

१८८२ च्या नियमांनी सांगितलेले 'वाईट सांधे' आजही आपल्या घरात आहेत. समजा, सॉकेटमागचा स्क्रू ढिला झाला आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला. त्यातून पाणी तापवण्याच्या हीटरचा दहा अँपिअर प्रवाह जात आहे. उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. दहाचा वर्ग शंभर, त्याच्या निम्मे पन्नास वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा डाग देण्याचा सोल्डरिंग आयर्न साधारण पंचवीस वॅटचा असतो. म्हणजे तसे दोन आयर्न बोर्डाच्या मागे, अंगठ्याएवढ्या जागेत, सुरूच ठेवल्यासारखे झाले!

या वेळी फ्यूज काय करतो? काहीच नाही. प्रवाह वाढलेलाच नाही; उलट रोध वाढल्याने किंचित कमी झाला आहे. हीटर चालू आहे. दोष मुका आहे.

एका काळात आपल्याकडे घरांच्या वायरिंगमध्ये तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा सर्रास वापरल्या गेल्या. तांबे महाग पडे. ॲल्युमिनियम वीज वाहून नेते, पण स्क्रूखाली दाबून ठेवले की हळूहळू पसरते. त्याच्यावर ऑक्साइडचा रोधक थर चटकन बसतो, आणि तापून-निवून सांधा सैल होत जातो. अमेरिकेतही १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशी घरे बांधली गेली आणि सांध्यांपाशी आगी लागू लागल्या. आपल्याकडच्या त्या काळातल्या ज्या घरांचे वायरिंग अजून बदललेले नाही, त्यांत हा दोष वाट पाहत बसलेला असतो.

हा दोष पूर्ण मुका मात्र नसतो, तो कुजबुजतो. स्विचची प्लेट हाताला गरम लागते. बेकेलाइट जळाल्याचा वास येतो. पंखा सुरू केला की दिवा लुकलुकतो. बोर्डातून तडतड ऐकू येते. अशा वेळी ते उपकरण बंद करावे, मेन स्विच बंद करावा आणि माणूस बोलवावा. 'अजून चालू आहे ना' हा यावरचा सर्वांत वाईट निष्कर्ष.

काळी माती आणि अर्थिंग

आता पुन्हा कूलरकडे येऊ. पाण्याच्या टाकीतल्या पंपाची वायर सोलली, किंवा मोटारीच्या गुंडाळीचे आवरण ओलाव्याने खराब झाले, की फेज पत्र्याला येतो. हीच ती 'गळती'. ओल्या अनवाणी माणसाच्या शरीराचा रोध दीड हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला सुमारे १५० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. पाच अँपिअरचा फ्यूज पाच हजार मिलिअँपिअर आरामात जाऊ देतो. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्याच्या हिशेबी चिल्लर आहे. फ्यूज वायर वाचवतो, माणूस नाही, ही गोष्ट आपण मुलांना क्वचितच स्पष्ट सांगतो.

माणसाला किती प्रवाह पुरे होतो, हे कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी १९४० च्या दशकात स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून मोजले. हातात धरलेली तार स्वतःहून सोडता येईल, अशा प्रवाहाची सरासरी मर्यादा पुरुषांसाठी १६ आणि स्त्रियांसाठी १०.५ मिलिअँपिअर निघाली. त्यापुढे स्नायू आवळतात आणि हात सुटत नाही. गावात 'विजेने धरून ठेवले' म्हणतात, ते याच अर्थाने.

यावरचा जुना उपाय अर्थिंग. उपकरणाचा पत्रा जाड तारेने जमिनीत पुरलेल्या नळीला किंवा पट्टीला जोडायचा. गळती झाली की तिथून मोठा प्रवाह जमिनीत जाईल आणि फ्यूज उडेल. म्हणजे मुका दोष बोलका होईल. तीन पिनांपैकी जाड आणि लांब पिन याचसाठी असते. ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. कूलरला दोन पिनांचा टॉप लावून आपण ही वाटच तोडून टाकतो.

पण पिन तीन असल्या तरी पुढे काय? इथे वऱ्हाडची काळी माती येते. पावसाळ्यात ही माती ओली, चिकट आणि विजेची चांगली वाहक असते. उन्हाळ्यात ती आकसते, हातभर भेगा पडतात, आणि पुरलेल्या नळीपासून माती सुटते. नळीभोवती कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरून ठेवण्यासाठी; पण खड्ड्यात वर्षानुवर्षे कोणी पाणी घातलेलेच नसते. परिणाम असा, की कूलर चालतो त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत अशक्त होते.

हिशेब करून पाहा. ट्रान्सफॉर्मरपाशी पाच ओहम रोध धरू. घरच्या खड्ड्याचा रोध दहा ओहम असेल, तर गळतीचा प्रवाह २३० भागिले १५, म्हणजे १५ अँपिअरच्या वर जाईल. पाच अँपिअरचा फ्यूज उडेल. (पंधरा अँपिअरचा मात्र तेवढ्यानेही उडणार नाही.) सुकलेल्या खड्ड्याचा रोध शंभर ओहम झाला, तर प्रवाह फक्त २.२ अँपिअर. फ्यूज शाबूत, कूलर चालू, आणि पत्र्यावर सुमारे २१९ व्होल्ट! अर्थिंग 'आहे', पण नाही.

असेच आणखी दोन मुके दोष आहेत. जुन्या घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असे. पाइप बदलून प्लॅस्टिकचा आला, तार तशीच लटकत राहिली, आणि घरातल्या कोणालाही काही जाणवले नाही. दुसरा दोष याहून वाईट. खड्डा खणायचा त्रास वाचवण्यासाठी बोर्डातच अर्थचे टोक न्यूट्रलला जोडून देतात. सगळे ठीक चालते. ज्या दिवशी न्यूट्रल तुटतो, त्या दिवशी चालू उपकरणातून आलेला फेज थेट सगळ्या पत्र्यांवर पसरतो.

या सगळ्यावर नवा उपाय आला तो गळती ओळखणाऱ्या खटक्याचा. डॅल्झिएल यांनीच १९६१ च्या सुमारास घरगुती वापराचे असे एक उपकरण बनवले. युरोप आणि दक्षिण आफ्रिकेतही त्याआधीपासून प्रयत्न सुरू होते. तत्त्व सुंदर आहे. फेजमधून जितका प्रवाह गेला, तितकाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. फरक ३० मिलिअँपिअर झाला, की कुठेतरी गळती आहे असे समजून खटका सेकंदाच्या लहानशा अंशात पडतो. शंभर ओहमच्या खड्ड्यातून गळणाऱ्या २.२ अँपिअरला तर तो क्षणात पडेल. एरवी तो काम करतो की नाही, हे त्याच्यावरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून कळते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर मात्र तोही वाचवू शकत नाही. कारण त्याच्या हिशेबात जमाखर्च बरोबर जुळतो.

१९५६ च्या नियमांत पुढे अशा खटक्याची सक्ती करणारा नियम आला खरा, पण पाच किलोवॅटपेक्षा कमी भाराची घरगुती जोडणी त्यातून वगळलेली होती. म्हणजे दोन खोल्या आणि एक कूलर असलेले घर त्याच्या बाहेरच राहिले. कायद्याने मागितले नाही, तरी आपण तो बसवून घेऊ शकतो, एवढे मुलांनी घरी सांगितले तरी पुष्कळ झाले.

कायद्याने आखलेली रेघ

घरमालकाने काय करावे आणि तारतंत्र्याने काय करावे, ही रेघ कोणी आखली? भारतात विजेचा पहिला कायदा १८८७ साली झाला. वीज विकण्याचे परवाने हा त्याचा मुख्य विषय नव्हता. विजेपासून माणसांचे आणि मालमत्तेचे रक्षण करणे, हा होता. नंतर १९०३ चा आणि १९१० चा कायदा आला. १९१० च्या कायद्याखाली भारतीय वीज नियम, १९५६ तयार झाले. वऱ्हाडच्या दृष्टीने हे वर्ष लक्षात राहण्यासारखे आहे, कारण त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मध्यप्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, त्याच दशकात अकोला जिल्ह्यातील पारसचे औष्णिक केंद्र वीज देऊ लागले, आणि खेड्यापाड्यांत खांब पोचले. खांबांबरोबर वायरमन हा शब्दही घराघरांत पोचला.

१९५६ च्या नियमांतला ४५ वा नियम आपल्या विषयाचा गाभा आहे. त्याने सांगितले, की विजेच्या जोडणीचे काम, त्यातली वाढ, बदल किंवा दुरुस्ती परवानाधारक कंत्राटदारामार्फत, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या माणसानेच करावी. त्याला अपवाद एकच : दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे बदलणे, तेही जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. १९१० च्या कायद्याची जागा २००३ च्या वीज कायद्याने घेतली, १९५६ च्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० आणि मग २०२३ च्या विनियमांनी घेतली. पण ही रेघ समजून घ्यायला ४५ व्या नियमाइतके सोपे वाक्य नाही. जे होते ते तसेच परत बसवणे आपले. जे बदलणार आहे किंवा जे दिसत नाही, ते तारतंत्र्याचे.

'तारतंत्री' हा शब्द औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतल्या मुलांना नवा नाही. 'वीजतंत्री' आणि 'तारतंत्री' असे दोन वेगळे अभ्यासक्रम तिथे असतात. या माणसाला आपण पैसे कशाचे देतो? चार स्क्रू पिळण्याचे नव्हे, मुका दोष ऐकण्याचे. त्याच्याकडे मेगर असायला हवा. सिडनी एव्हरशेड यांनी १८८९ मध्ये बनवलेल्या उपकरणाचा हा वारस. मेगर हे नाव १९०३ मध्ये नोंदले गेले. तो वायरिंगवर ५०० व्होल्टचा दाब देऊन आवरणाचा रोध मोजतो. हा रोध किमान दहा लाख ओहम हवा. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध मोजण्याचे उपकरण वेगळे असते. १८८२ च्या चार पानांनी 'प्रवाह सोडून तपासा' म्हटले होते, ते हेच. म्हणून वायरमन आला की परवाना आहे का, हे विचारावे, आणि काम झाल्यावर 'मेगर लावला का? अर्थिंग किती ओहम आले?' हे दोन प्रश्न संकोच न करता विचारावेत. चांगल्या कारागिराला असे प्रश्न आवडतात.

आणि आता ती आजी. तिच्या हाताला जो झिणझिण्यांचा झटका बसला, ती खरे म्हणजे त्या घरातली एकमेव तपासणी होती, आणि तिचा निकालही स्पष्ट आला होता. 'करंट मारते' हे वाक्य मुलाला दूर ठेवण्याची सूचना म्हणून ऐकायचे नसते. कूलरच्या अंगावर फेज आला आहे आणि अर्थिंग काम करत नाही, असे एकाच वेळी दोन दोष ते सांगते. आज ज्या झटक्याने हात मागे आला, तोच उद्या ओल्या फरशीवर, अनवाणी पायाने, हात सुटू देणार नाही.

त्यामुळे पत्र्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा, मग कूलरची पिन काढावी. एरवीही पाणी भरायचे ते पिन काढूनच. आणि चप्पल शोधण्याऐवजी वायरमनला निरोप धाडावा. उन्हाळ्याच्या सुटीआधीच्या शेवटच्या तासाला वर्गात एकच प्रश्न विचारून पहा : "कोणाच्या घरचा कूलर करंट मारतो?" वर होणारे हात मोजा, आणि त्या मुलांना तो दिवस संपण्याआधी घरी काय सांगायचे, ते नीट सांगा.